आवाज जड येतो

दिवस पहिला, गुरुवार

मिरजेनंतर महालक्ष्मी एक्स्प्रेसला घाई उरत नाही. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. बाहेर ऊस, मध्येच एखादी वीटभट्टी, परत ऊस. रात्री कल्याणला चढल्यापासून मी कानात एकच धून लावून ठेवली होती आणि ती मात्र नेहमीसारखी पळत सुटलेली होती.

धून म्हणजे रॉबर्ट माइल्सची 'चिल्ड्रन'. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. आधी लांबून आल्यासारखे सूर, मग पियानोवर त्याच ओळी पुन्हा पुन्हा, आणि खालून ठोका. 1996 मध्ये युरोपातल्या कित्येक देशांत ती पहिल्या क्रमांकावर होती, हे मला फार उशिरा कळलं. मला ती भेटली त्याच साली, पण कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, मामाच्या घरी, एका बेवारशी कॅसेटमध्ये.

मामाच्या घराची पुढची खोली म्हणजे दादाचं दुकान. दादा माझा मामेभाऊ. रेडिओ, टेप, पंखे, इस्त्री, जे येईल ते दुरुस्त करायचा. मी बी.एस्सी.साठी तीन वर्षं मामाकडे राहिले. त्या पावसाळ्यात कुणीतरी एक कॅसेट डेक दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलंच नाही. आत कॅसेट तशीच होती. दुकानातून भरून घेतलेली, वर पेनानं नुसतं 'मिक्स' लिहिलेलं. रात्री दुकानाची फळी लागली की मी दादाच्या बाकावर वह्या पसरायचे, कारण त्या घरात अभ्यासाला दुसरी जागाच नव्हती. सोल्डरिंगचा वास, बाहेर पन्हाळीतून पडणारं पाणी, आणि बी बाजूचं तिसरं गाणं. संपलं की रिवाइंड. सेंद्रिय रसायनशास्त्राचं माझं सगळं ज्ञान त्या पियानोच्या चालीवर पाठ झालेलं आहे. आजही बेंझिनचं नाव काढलं की मागं ठोका सुरू होतो.

नाव कळायला सात वर्षं गेली. ठाण्यात एका सीडीच्या दुकानात ती अचानक वाजली आणि मी हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. सीडी घेतली, घरी येऊन लावली. धून तीच होती आणि तरी ती नव्हती. पियानो चिरका, कोवळा. ठोका मागं कुणी लागल्यासारखा. मनात म्हटलं, वय. विशीत ऐकलेलं तिशीत कुठं तसं लागतं. पुढं फोनवर, गाडीत, चांगल्या हेडफोनवर, सगळीकडे ऐकली. दरवेळी तेच. आवडायची, पण शेजाऱ्याचं पोर आपल्या पोरासारखं दिसावं तशी.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. "घर पाडायचं ठरलंय. माळ्यावर तुझी काय काय खोकी हायत. बघून घे, न्हाईतर भंगारात जातंय."

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी बोलताना "मी सकाळीच आलो" असं माझ्या तोंडून गेलं. कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल आलो-गेलो-खाल्लो असंच बोलतात. तीन वर्षांत मीही तशीच बोलायला लागले होते आणि कल्याणच्या सासरी ते मोडायला दोन वर्षं लागली होती. इथं ते मोडायला स्टेशनबाहेरची पंधरा पावलं पुरली. उलट्या दिशेनं.

मामीनं दारातच तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं." (वाळले नाहीये.) "कवा निघाल्तीस?" मामा जाऊन सहा वर्षं झाली. त्याची खुर्ची आता दादा वापरतो. दुकान कधीच बंद झालंय. फळ्यांच्या जागी शटर आहे आणि आत भाच्याचे स्पीकर रचलेत, छतापर्यंत. भाचा मंडळांना डॉल्बी पुरवतो. गणपती तोंडावर आले होते, त्यामुळे त्याचे दोन्ही फोन एकाच वेळी वाजत होते.

माझा एक मोठाच मूर्खपणा झाला होता. मी श्रावणात कोल्हापूरला आले होते. तांबडा नाही, पांढरा नाही, घरात अंडंसुद्धा नाही. मामीपुढं विषय काढायची सोय नव्हती. मग दुपारी भाच्याबरोबर मिसळ. कट वेगळा मागून घेतला, सोबत पाव नव्हे, स्लाइस ब्रेड. बाहेरगावच्यांना हे पटत नाही. पटवून घेऊ नका, खा.

संध्याकाळी माळा. माझ्या खोक्यांत निघालं ते असं: जर्नल्स, एक छत्री, पत्रं (ती वाचली नाहीत, तशीच पिशवीत टाकली), आणि उंदरांनी कुरतडलेली ओढणी. डेक दुसऱ्या कोपऱ्यात होता, पोत्यात गुंडाळलेला. कॅसेट आत.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी सातलाच दादानं डेक उघडला होता. चहा बाजूला गार झालेला. "ये, बघ." आत जिथं रबरी बेल्ट असायला हवा तिथं काळं, डांबरासारखं चिकट काहीतरी पुलीला लडबडलं होतं. जुना बेल्ट असाच वितळतो म्हणे. इअरबडच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन तो एकेक पुली पुसत बसला. साठी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर, पण हात जराही थरथरत नव्हता.

भाचा डोकावला. डेकच्या दर्शनी भागावर एक बटण आहे, त्यावर 'डॉल्बी एनआर' लिहिलेलं. तो हसायलाच लागला. "ह्या डबड्याला डॉल्बी?"

"खरी डॉल्बी हीच," दादा मान वर न करता म्हणाला. आणि ते खरंच आहे. रे डॉल्बी या माणसानं 1965 मध्ये कंपनी काढली ती आवाज वाढवायला नव्हे, टेपची खरखर दाबायला. भरताना बारीक वरचे सूर मुद्दाम उचलून भरायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, त्यांच्याबरोबर खरखरही खाली जाते. कॅसेटच्या डेकवर हे बटण त्यासाठी असायचं. पुढं सिनेमाच्या थिएटरांत तेच नाव झळकलं आणि तिथून आमच्याकडं आलं. कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिच्यापुढून जाताना छातीचा पिंजरा हलतो. कुजबुज नीट ऐकू यावी म्हणून निघालेलं नाव खिडक्यांच्या काचा उडवण्याच्या कामी लागलं. यात दोष कुणाचा काढायचा? नाद म्हणतात याला, आणि नादाच्या बाबतीत हे गाव कुणाचं ऐकत नाही.

मामीनं मध्येच अंबाबाईचं काढलं. श्रावणातला शुक्रवार, रांग कुठवर असेल याचा अंदाज होता, म्हणून महाद्वारातून नुसतं मुखदर्शन घेऊन आले. तेवढ्यानं मामीचं समाधान झालं. माझंही.

बेल्ट दादाच्या एका जुन्या दोस्ताकडं होता, पण तो संध्याकाळी येणार होता. भाच्याला गांधीनगरला मंडळाच्या टी-शर्टांची ऑर्डर द्यायची होती. "चल आत्या, फिरून येऊ." मी गाडीवर मागं बसले.

गांधीनगर म्हणजे कापडाचा मोठा बाजार, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभा केलेला. त्याच्या आधी या जागेवर, वळिवडे गावालगत, दुसऱ्या महायुद्धातली पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 1948, सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत रशियानं त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरियात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेच्या काठी पोचली. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं इथं होतं. त्यांच्या आठवणीचा एक स्तंभ महावीर उद्यानात आहे. कॉलेजात असताना हे मला ठाऊक नव्हतं. मामाला होतं. तो लहानपणी ऐकलेलं सांगायचा, "पांढरी पोरं अनवाणी ऊस खात फिरायची," आणि आम्ही त्याला हसायचो.

भाचा टी-शर्टांचा भाव करत होता. मी दुकानाच्या पायरीवर बसून त्याला 'चिल्ड्रन' हे नाव कसं पडलं ते सांगत होते. रॉबर्ट माइल्स हे टोपणनाव. मूळ नाव रॉबर्तो कोन्चिना, जन्म स्वित्झर्लंडचा, 1969 चा, आईबाप इटालियन. युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलं तेव्हा त्याचे वडील मदतीच्या मोहिमेवर तिकडं गेले होते. परत येताना युद्धात सापडलेल्या मुलांचे फोटो घेऊन आले. ते फोटो पाहून त्यानं ही धून केली. 2017 च्या मे महिन्यात तो कॅन्सरनं गेला, 47 वर्षांचा होऊन.

"म्हणजे नाचायचं गाणं, आणि विषय हा?" भाचा म्हणाला. मग दुकानदाराकडं वळला, "एक्सेल साइज वीस करा."

वळिवड्याची पोलिश मुलं आणि युगोस्लाव्हियाची मुलं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मला कळतं. पण मी त्या पायरीवर बसले होते आणि दोन्ही एकाच वेळी आठवत होती, याला माझा इलाज नव्हता.

रात्री बेल्ट बसला. तरी टेप वाजेना. कॅसेटच्या आतली फेल्टची इवलीशी गादी गळून पडली होती, त्यामुळे फीत हेडला टेकतच नव्हती. दादानं भजनाची एक स्क्रूवाली कॅसेट खोलली आणि माझी फीत तिच्या पोटात भरली. मग एकच सूर भरलेली टेस्ट कॅसेट लावून त्यानं वेग तपासला, मोटरच्या मागं असलेल्या भोकात बारीक पेचकस घालून जरासं फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. बी बाजू. तिसरं गाणं.

वाजलं. नीट वाजलं. मी ऐकत राहिले आणि माझा चेहरा पडत गेला. सीडीवर होतं तेच, फक्त खरखर जास्त.

"काय झालं?"

"हे ते नव्हे दादा."

"हेच हाय. कॅसेट तीच, डेक तोच."

मामी आत जपमाळ ओढत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही.

दिवस तिसरा, शनिवार

पन्हाळ्याला जाऊन आलो. शिवाजी पुलावरून पंचगंगा दिसली, तांबडी आणि ऐन भरात. वर इतकं धुकं की तीन दरवाजाची कमान हाताला लागेपर्यंत दिसली नाही. अंबरखाना बाहेरून पाहिला, कणीस खाल्लं, भिजलो. पन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, कारण मला पन्हाळा दिसलाच नाही.

सांगायचं आहे ते परतीचं. अंधार पडला होता, रस्ता ओला, आणि भाचा गाडी अशी हाणत होता की पुढच्या वळणावर स्वतः शिवाजीमहाराज वाट बघत असावेत. गाडीत त्याचं मिरवणुकीचं रिमिक्स. मी हात लांब करून ते बंद केलं आणि माझी धून लावली. तो कुरकुरला. मग मी त्याला नावामागची दुसरी गोष्ट सांगितली. इटलीत त्या काळात शनिवारी रात्रभर क्लबात नाचून पोरं पहाटे गाड्या घेऊन घरी निघायची, दमलेली, अंगात तो वेगवान ठोका तसाच भिनलेला, आणि रस्त्यात मरायची. इतकी मरायची की त्याला शनिवार रात्रीची कत्तल असंच नाव पडलं होतं. कोन्चिना स्वतः डीजे. रात्रीच्या शेवटी वाजवायला काहीतरी मऊ हवं, पोरं जराशी निवून घरी जावीत, हाही त्याचा ही धून करण्यामागचा हेतू होता.

भाचा काही बोलला नाही. वेगही फारसा कमी केला नाही, खोटं कशाला सांगू. केर्ली मागं पडल्यावर मात्र म्हणाला, "पण आत्या, 137 चा ठोका हाय की ह्याला. ह्यानं कोण निवणार?" त्याला मोजायला यंत्र लागत नाही.

"आमच्या घरी निवायचे रे सगळे," मी म्हटलं. "आमचं हळू होतं."

हे बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

शहरात शिरल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशी समोर उभ्या, पितळी चरवीत धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. पहिल्या घोटाला दूध अंगाइतकंच गरम लागतं. भाच्यानं दोन ग्लास संपवले. मी एकच, आणि तोही घाईत.

घरी आल्या आल्या दादाला विचारलं, "गिऱ्हाइकानं डेक टाकला तेव्हा तक्रार काय होती?"

दादानं मला असं पाहिलं, जसं मी बेंझिनचं सूत्र चुकले होते. मग उठला, कपाटातून पुठ्ठ्याचा डबा काढला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला तो दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचा. न नेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या त्यानं जपून ठेवल्यात, "कधी ना कधी येतंय माणूस." तारीख जुलै 96. खाली त्याच्याच अक्षरात: तक्रार, आवाज जड येतो.

"मोटर हळू पळायची त्याची," दादा म्हणाला. "म्हणून तर टाकला हुता दुरुस्तीला. माणूसच आला न्हाई परत, मग मी कशाला फुकट हात लावू? तसाच पडून हुता. तू लावायचीस."

म्हणजे तीन वर्षं मी रोज रात्री एक बिघाड ऐकत होते. सीडीत, फोनमध्ये, सत्तावीस वर्षांचा विवाह होऊन मुलं मोठी होईपर्यंत मी शोधत होते ती कोन्चिनाची धून नव्हतीच. ती होती कोन्चिना अधिक एक आजारी मोटर. आणि काल रात्री दादानं, हाताला लागलेल्या सवयीनं, ती बरी करून टाकली होती.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. "पाच मिनिटांचं काम." पट्टी खाली ओढली, ठोका हळू झाला, पण सूर तिथंच. हे नव्हे. "की-लॉक काढतो." आता वेगाबरोबर सूरही खाली आला. सहा टक्के उतरवलं की पेटीवरची एक पट्टी उतरते, त्यानं मला समजावलं. जवळ आलं होतं. जवळ म्हणजे अगदी दारापर्यंत. पण फार स्वच्छ, फार स्थिर.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

त्यानं डेक पालथा करून बाकावर ठेवला, फीत चालू केली आणि पेचकस भोकात घातला. "मी फिरवतो. तू सांग, कुठं थांबू."

पियानो खाली यायला लागला. चिरका आवाज भरला, त्याला अंग आलं. "अजून." ठोका पाय ओढायला लागला. पन्हाळीचं पाणी बाहेर होतंच. "अजून थोडं. थोडं. थांब." मग, "न्हाई, जास्त झालं, मागं घे."

"जास्त न्हाई," दादा म्हणाला. "ह्याच्यापेक्षा हळू हुतं."

"नव्हतं."

"मला सांगतीस? भिंतीपलीकडं मी झोपायचो."

आम्ही भांडलो. खरोखरचं भांडलो, दोन साठीपन्नाशीतली माणसं, एका स्क्रूच्या पाव आट्यावरून. तो म्हणत होता, त्याला आठवतंय. मी म्हणत होते, मला आठवतंय. तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला, "हेच का रे ते मेलं, रातभर वाजायचं? तुमचे आबा म्हणायचे, कुणीतरी दुखण्यातनं उठून पेटी शिकतंय."

दादाचा हात थांबला. मामाला देवल क्लबच्या मैफिली सोडून दुसरं काही गाणं वाटायचं नाही. पण अल्लादियाखाँसाहेबांचं तोच आम्हाला सांगायचा: ऐन उमेदीत अतिगायनानं त्यांचा आवाज बसला, पुन्हा आला तो वेगळाच आला, जड, आणि मग त्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. पुढं शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापुरात राहिले. मामाला हा किस्सा फार प्रिय. आमच्या धुनेबद्दल मात्र त्यानं एवढंच म्हणून ठेवलं होतं आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

स्क्रू कुठं थांबला? मी म्हटलं तिथं. दादाचा हट्ट पूर्ण सुटला नाही, शेवटी त्यानं अगदी केसभर हळू केलंच, मला वाटलं तरी मी बोलले नाही.

दिवस चौथा, रविवार

सकाळची कोयना पकडायची होती. मी बॅग भरेपर्यंत दादा परत बाकावर. त्यानं वहिनीला हाक मारून लाल नेलपॉलिशची बाटली मागवली आणि स्क्रूवर एक थेंब सोडला. "वाटेत हादरे बसणार. हललं न्हाई पाहिजे."

मग झाकण लावायच्या आधी ती जुनी चिठ्ठी घेतली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूला लिहायला बसला. मी म्हटलं, आता काय लिहितोस? गाडी जाईल.

"तिकडं तुझ्याकडं कुणी मेकॅनिकनं उघडला तर काय म्हणेल? कोल्हापुरातल्या कुठल्या येड्यानं हे सेट केलंय म्हणेल."

चिठ्ठी त्यानं मोटरच्या बाजूला चिकटपट्टीनं लावली. अक्षर तेच, 96 सारखंच, जरा मोठं: 'वेग गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून हळू ठेवला आहे. दुरुस्त करू नये.' खाली तारीख आणि सही.